'बरें जालें देवा'च्या मागचा दुष्काळ

कुणाच्या घरी वाईट घडलं की कोणीतरी तुकोबांचं 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली' ऐकवतंच, आणि समोरच्याला वाटतं की हा माणूस पहिल्यापासूनच दुःखाच्या पलीकडे होता, आपल्याला कुठे जमायचं हे. मला ते पटत नाही, कारण तो दुष्काळ काय होता ते कोणी सांगतच नाही.

१६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊसच पडला नाही. त्यात शहाजहानची फौज बुऱ्हाणपूरला तळ ठोकून, निजामशाहीवर स्वारी चालू, आणि त्याच सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, म्हणजे देहूच्या आसपास ना धान्य ना आसरा. बादशहाच्या दरबारी इतिहासकारानेच, अब्दुल हमीद लाहोरीने, लिहून ठेवलंय की मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळून विकली जात होती.

तुकोबा तेव्हा विशीत. घरात महाजनकी, दुकान, सावकारी सगळं होतं. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून गेलेला, आणि मग थोरली बायको रखमाबाई गेली, मुलगा संतूही गेला. ते स्वतः सांगतात: 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. लगेच पुढे लाज वाटते म्हणतात, धंद्यात तोटा आला म्हणतात. इथे कुठेही 'बरं झालं' नाहीये.

मग आशा आली कुठून? त्याच अभंगात आहे आणि मला तो भाग सगळ्यात जवळचा वाटतो. घराण्याचं विठ्ठलाचं देऊळ पडलं होतं ते दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागले पण सुरुवातीला मन लागत नव्हतं, तसं स्पष्ट सांगतात. संतांची वचनं पाठ केली, आणि पुढे गाणाऱ्यांचं धृपद मागे उभं राहून धरलं. बस, एवढंच, स्वतःचे शब्द नव्हते तेव्हा दुसऱ्यांचे धरले. परंपरेत असंही सांगतात की लोकांची कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःचा अर्धा इंद्रायणीत बुडवून टाकला. दुष्काळात होरपळलेल्या कुळांसाठी ते केवढं मोठं असेल!

देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावरचं चिंतन, स्वतःची कविता, हे सगळं त्यानंतर. आणि एकदा विश्वास बसला म्हणून देवाशी भांडण संपलं असंही नाही, ज्या गाथेत 'बरें जालें देवा' आहे त्याच गाथेत 'माझें लेखीं देव मेला, असो त्याला असेल' पण आहे, आणि वारकऱ्यांनी दोन्ही अभंग जपलेत.