आरोग्यनोंदींचे शिक्षण आणि सहा महिन्यांची अट

१७ फेब्रुवारी २००९ रोजी डेन्व्हरमध्ये सही झालेला अमेरिकेचा मंदीतला मदत-कायदा लोकांच्या लक्षात आहे तो ७८७ अब्ज डॉलरच्या आकड्यामुळे. त्याच्याच पोटात ‘हायटेक’ नावाचा दवाखान्यांच्या संगणकीकरणाचा भाग होता, आणि त्या भागाने आणलेले ३०१६ क्रमांकाचे कलम शिक्षणाचे होते. कलम छोटेसेच. आरोग्य-माहितीचे शिक्षण देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांना सरकारने मदत करावी, आणि ती देताना दोन गोष्टींना प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. पहिली, आधीपासून चालू असलेले अभ्यासक्रम. दुसरी, सहा महिन्यांच्या आत पुरे होतील असे अभ्यासक्रम. पुढच्या चार-पाच वर्षांत कम्युनिटी कॉलेजांमध्ये, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक कॉलेजांमध्ये, जे काही घडले, त्यातले बरेचसे या दुसऱ्या ओळीतून निघाले.

आरोग्यनोंदींचा पेशा अर्थातच संगणकाहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. ठरवलेल्या किमान निकषांत बसली फक्त ८९. नापासांमध्ये मोठी नावे असल्याने १९१९ मध्ये ती यादी न्यू यॉर्कच्या एका आलिशान हॉटेलातल्या भट्टीत जाळण्यात आली. नोंदी सांभाळण्याच्या पेशाचा इतिहास नोंद जाळण्यापासून सुरू व्हावा, हा योग मजेशीरच. निकषांपैकी एक असा होता की, प्रत्येक रुग्णाची अचूक आणि पूर्ण नोंद लिहिली जावी आणि ती हवी तेव्हा सापडावी. मग ती लिहून घेणारी, लावून ठेवणारी माणसे लागली. त्यांत बहुसंख्य बायका. १९२८ मध्ये बॉस्टनला त्यांची संघटना उभी राहिली, १९३५ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथच्या एका कॉलेजात पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तंत्रज्ञांचे दोन वर्षांचे शिक्षण नंतर आले आणि कम्युनिटी कॉलेजांत रुजले. १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयांना निदानाच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. त्या दिवसापासून निदानाला दिलेला ठरावीक क्रमांक, म्हणजे कोड, चुकला की थेट पैसा बुडाला, आणि तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमची किंमत वरच्या मजल्यावर कळू लागली. १९९६ मध्ये गोपनीयतेचा पाया घालणारा कायदा झाला. २००४ मध्ये, बहुतेक नागरिकांची नोंद दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक करू, अशी घोषणा झाली. पण २००८ सालीसुद्धा प्राथमिक स्वरूपाची का होईना, अशी यंत्रणा असलेली रुग्णालये शंभरात नऊच्या आसपास होती.

‘हायटेक’ने हा खेळ पैशाने बदलला. यंत्रणा बसवून ती नीट वापरून दाखवणाऱ्या डॉक्टरला वृद्धांच्या योजनेतून पाच वर्षांत कमाल ४४,००० डॉलर मिळणार होते. पूर्ण रक्कम हवी तर २०१२ पर्यंत सुरुवात करणे भाग होते आणि न बसवणाऱ्यांना २०१५ पासून दंड होता. एवढ्या घाईत यंत्रणा बसवणार कोण? सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे ५० हजार माणसे कमी पडत होती.

सहा महिन्यांची अट इथून आली. ती मूर्खपणाची होती असे म्हणणे सोपे आहे, आणि दोन वर्षांचे वर्ग चालवणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी ते म्हटलेही. पण मूळ कायदा मंदीचा होता, हे विसरून चालत नाही. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि पैसा लवकर बाजारात उतरायला हवा होता. एप्रिल २०१० मध्ये शिक्षणासाठी सुमारे ११.८ कोटी डॉलर वाटले गेले. त्यातला मोठा वाटा, सुमारे ७ कोटी, कम्युनिटी कॉलेजांच्या पाच विभागीय गटांना मिळाला. ८० हून अधिक कॉलेजे त्यात आली. सप्टेंबर संपायच्या आत वर्ग भरायला हवे होते आणि वर्षाला साडेदहा हजार विद्यार्थी बाहेर काढायचे होते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे नवा विषय सुरू करायचा म्हटला तर अभ्यास मंडळाची एक बैठक होईल की नाही, शंकाच.

या अभ्यासक्रमाला पदवी नव्हती. येणारा विद्यार्थी कोरा नसेल, हे गृहीत धरले होते. त्याने आयटीत काही वर्षे काढलेली असतील किंवा दवाखान्यात, आणि सहा महिन्यांत त्याला दुसरी बाजू शिकवायची, अशी ही आखणी. तयार करायच्या भूमिका सहा ठरल्या. दवाखान्यातल्या कामाचा क्रम नव्याने बसवणारा, डॉक्टरांना सल्ला देणारा, यंत्रणा बसवायला मदत करणारा, बसवण्याच्या कामाचा व्यवस्थापक, तांत्रिक मदतनीस आणि प्रशिक्षक. विद्यापीठांकडे वरच्या पायरीच्या आणखी सहा भूमिका दिल्या. शिकवायचे साहित्य पाच विद्यापीठांनी मिळून वीस घटकांत तयार केले. आरोग्यसेवेची ओळख, परिभाषा, नेटवर्किंग, कामाच्या क्रमाचे विश्लेषण, गुणवत्ता, प्रकल्प व्यवस्थापन, संघात काम कसे करावे, असे सगळे त्यात होते. पाचवा घटक खुद्द या विषयाच्या इतिहासाचा. आवाज दिलेल्या स्लाइड्ससह हे सारे पुढे कोणालाही फुकट खुले झाले, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच.

वांधा झाला तो प्रयोगशाळेत. विद्यार्थ्यांच्या हाताखाली यंत्रणा हवी म्हणून माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चालणाऱ्या सरकारी यंत्रणेची शैक्षणिक आवृत्ती दिली गेली. ती फुकट होती आणि खरीही होती. पण बाहेरची रुग्णालये विकत घेत होती विस्कॉन्सिनमधल्या किंवा मिसूरीमधल्या कंपन्यांच्या यंत्रणा. विस्कॉन्सिनच्या कंपनीचे प्रमाणपत्र हवे असेल तर तुमचे नाव रुग्णालयाने किंवा त्या कंपनीच्या भागीदाराने पाठवावे लागे. स्वतःच्या खिशातून फी भरून ते मिळत नसे. म्हणजे नोकरीसाठी प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्रासाठी नोकरी. सहा महिने शिकून बाहेर पडलेला माणूस या दोन दारांच्या मधे उभा राही. जाहिरातीत अनुभव मागितलेला असे, आणि अभ्यासक्रमात रुग्णालयात जाऊन काम करण्याची सक्तीच नव्हती. काही कॉलेजांनी ती आपल्या हिमतीवर घातली.

परीक्षेचेही तसेच. २०११ मध्ये भूमिकावार परीक्षा सुरू झाल्या, त्याही प्रशिक्षितांना फुकट. पण ती क्षमता तपासणारी परीक्षा होती, प्रमाणन नव्हते. पास झालेल्याला नावापुढे काही लावता येत नव्हते. बॉस्टनला जन्मलेल्या त्या जुन्या संघटनेने २०१३ मध्ये ती आपल्याकडे घेतली आणि मग तिला प्रमाणपत्राचे रूप आले. तोवर सरकारी पैसा संपला होता. कम्युनिटी कॉलेजांतून सुमारे २० हजार जण अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले. आकडा लहान नाही. पण २०१० मध्ये पैसे वाटणाऱ्या सरकारी कार्यालयानेच २०१५ मध्ये पुढचा टप्पा म्हणून सात संस्थांना पैसे दिले, तेव्हा साहित्य नवे करून शिकवायचे होते ते आधीच नोकरीत असलेल्या सहा हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना. बाहेरच्या माणसाला सहा महिन्यांत आत आणण्याची भाषा तिथे नव्हती. चूक झाली असे कोणी लिहून दिले नाही, सरकारी कार्यालये तसे लिहून देत नाहीत. पण लाभार्थी बदलले, यातून काय ते समजावे. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की, २०१५ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त रुग्णालयांत यंत्रणा बसली होती, आणि ती बसवणाऱ्या हातांमध्ये या वर्गांतलेही हात होते.

या गडबडीत दोन वर्षांचा अभ्यासक्रम मागे पडला असे वाटेल. तो त्याच कॉलेजांत, कित्येकदा त्याच मजल्यावर चालू होता, आणि कॉलेजच्या माहितीपत्रकात दोन्हींची आद्याक्षरे एकच, ‘एचआयटी’ (हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी). एकात शरीररचना, औषधशास्त्र, कोडिंग (म्हणजे आजारांना कोड लावणे), कायदा आणि रुग्णालयातले प्रत्यक्ष काम. दुसऱ्यात यंत्रणा बसवणे. चुकीच्या रांगेत उभे राहिलेले विद्यार्थी दोन्हीकडे सापडत.

त्या दोन वर्षांच्या वर्गाला वेगळाच फटका बसला. आजारांच्या कोडची दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू होईल, असा नियम २००९ च्या जानेवारीत निघाला होता. जुन्या, १९७९ पासूनच्या पद्धतीत निदानाचे सुमारे १४ हजार कोड होते, नवीत ६८ हजारांच्या पुढे. वर्तमानपत्रांनी ‘बदकाने मारल्याचा कोड’ शोधून काढून भरपूर करमणूक केली. तो कोड खराच आहे, डब्ल्यू६१.६२एक्सए. पण अवघड काम बदकाचे नव्हते, मनगटाचे होते. हातावर पडून मनगटाजवळ हाड मोडलेला रुग्ण घ्या. जुन्या पद्धतीत त्याला ८१३.४१. हात डावा की उजवा, हे त्या आकड्याला ठाऊक नसे. नवीत उजवा असेल तर एस५२.५३१ए, डावा असेल तर एस५२.५३२ए. शेवटचा ‘ए’ म्हणजे मोडलेल्या हाडावर उपचार चालू आहेत आणि जखम बंद आहे. हाड नीट जुळत असताना तो पुढच्या तपासणीला आला की ‘ए’ जाऊन ‘डी’ येतो. हे सारे डॉक्टरच्या टिपणातून काढायचे, आणि टिपणात हाताची बाजू लिहिलेली नसेल तर डॉक्टरला विचारायचे. त्यासाठी शरीररचना पक्की हवी. कॉलेजांनी ती वाढवली, पुस्तके बदलली, आणि तारीख २०१४ वर गेली तरी नव्या पद्धतीनेच शिकवणे चालू ठेवले.

मग १ एप्रिल २०१४ रोजी डॉक्टरांच्या दरांविषयीच्या एका कायद्यावर सही झाली. त्यात एक छोटेसे कलम घुसवलेले होते: दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ च्या आधी लागू करता येणार नाही. पेशाच्या संघटनेने तेव्हा सांगितले की, २५ हजारांहून अधिक विद्यार्थी फक्त नवी पद्धत शिकून तयार आहेत. मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलीला नोकरीत लागणार होते जुने कोड, आणि ते तिला कोणी शिकवलेच नव्हते. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमावर झाले तेवढे वाद यावर झाले नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. लवचीक नाही म्हणून ज्या दोन वर्षांच्या शिक्षणाला नावे ठेवली जात होती, त्यानेच बदल वेळेत केला. लटकले ते वेळ पाळली म्हणून. १ ऑक्टोबर २०१५ ला बदल झाला, तोही फारशी पडझड न होता.

त्याच वर्षी २६ मेपासून एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या, काही जोडीदारांना अमेरिकेत काम करण्याची परवानगी मिळू लागली. भारतात डेंटिस्ट, होमिओपॅथ किंवा फिजिओथेरपिस्ट असलेल्या मराठी घरांतल्या कितीतरी जणींना तिथल्या परवान्याची वाट लांबची होती. कोडिंगची वाट जवळची वाटली. शरीररचना येतच होती.

इकडे पुण्यात आणि नवी मुंबईत हेच काम उलट्या दिशेने आले. आधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन आले, म्हणजे अमेरिकन डॉक्टरांचे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणे, नंतर कोडिंग. बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटी, बीफार्म झालेली मुले-मुली यांत भरती होतात. आणि शिकवतात ते बहुतांशी खासगी क्लास, काही आठवड्यांचे नाहीतर महिन्यांचे. परीक्षा अमेरिकन, कोड अमेरिकन, रुग्णही अमेरिकन.

सरकारी बाजूलाही सहा महिने हा आकडा अनोळखी नाही. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या केंद्र सरकारी रुग्णालयांतून वैद्यकीय नोंद तंत्रज्ञांचे प्रशिक्षण चालत आले, ते सहा महिन्यांचे. नोंद अधिकाऱ्याचे एक वर्षाचे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत दहा गट आहेत आणि दहावा गट आरोग्य-माहिती व्यवस्थापनाचा. त्यात नोंदींचे व्यावसायिक आहेत, क्लिनिकल कोडर आहे, ट्रान्स्क्रिप्शन करणाराही आहे. कायद्याने दोन पायऱ्या केल्या: एकीसाठी किमान २००० तास, दोन ते चार वर्षांत विभागलेले, दुसरीसाठी पदवी आणि किमान ३६०० तास. दिवसाला सहा तास आणि आठवड्याला सहा दिवस वर्ग भरवला तरी सहा महिन्यांत साडेनऊशे तासही होत नाहीत. म्हणजे अमेरिकेच्या कायद्याने २००९ मध्ये ज्या मुदतीला प्राधान्य दिले, ती आपल्या कायद्याने बारा वर्षांनी दाराबाहेर ठेवली. २०२५ मध्ये या शाखेचा आदर्श अभ्यासक्रमही जाहीर झाला.

आता प्रश्न उरतो तो हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून ओहायोतल्या रुग्णालयाची बिले कोडणाऱ्याचा. त्याच्या कामाचे नाव अनुसूचीत आहे. त्याचा रुग्ण भारतात नाही, आणि त्याचा क्लास तीन महिन्यांत संपला होता.