टॅपिंगने परीक्षेची भीती जाते का?

प्रश्नपत्रिका वाटायला सुरुवात झाली की कित्येक मुलांचे हात गार पडतात, घशाला कोरड पडते, पोटात कालवाकालव होते. ‘अभ्यास केला नाहीस, म्हणून होतंय’ असं सांगून घरची मंडळी मोकळी होतात. पण भरपूर अभ्यास केलेल्या मुलांनाही हे होतं, कारण शरीराची घडणच तशी आहे. मेंदूतल्या अमिग्डाला या छोट्याशा भागाने धोका ओळखला की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हृदय जोरात धडधडू लागतं. त्वचेकडचं आणि पोटाकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात आणि पोटात गोळा येतो. त्यामागून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक चढत जातं. त्याला शिगेला पोचायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात.

मार्क जातात ते मात्र या धडधडीमुळे फारसे नाहीत. लीबर्ट आणि मॉरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले. एक शरीराची खळबळ, दुसरी डोक्यात चाललेली काळजी. गुण घसरण्याशी जास्त जवळचा संबंध निघाला तो काळजीचा. गणित सोडवताना आपण हातचे, मधल्या पायऱ्या, सूत्र हे सगळं कार्यस्मृतीत धरून ठेवतो, आणि ही कार्यस्मृती म्हणजे अगदी लहानशी पाटी. ‘नापास झालो तर’, ‘बाबा काय म्हणतील’ ही वाक्यं तिच्यावर उमटली की गणिताला जागाच उरत नाही. घरी येणारं गणित हॉलमध्ये येत नाही ते असं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांच्या काळजीत आणखी एका गोष्टीची भर पडते. घरात मराठी, एसटीत आणि बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, शाळेत मराठी, कन्नड आणि इंग्रजी. दहावीचा, म्हणजे एसएसएलसीचा पेपर मराठीत लिहायचा आणि पुढे पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतलं की तोच विषय एकदम इंग्रजीत. खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना पहाटे उठून चालत बसथांबा गाठायचा असतो. बस चुकली तर पेपर चुकेल, ही धास्ती वेगळीच. या मुलांना ‘घाबरू नको’ एवढंच सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओंमधून आणि शिक्षकांच्या शिबिरांतून ‘टॅपिंग’ शाळांपर्यंत आलं आहे. बोटांच्या टोकांनी चेहऱ्यावर आणि छातीवर ठरावीक ठिकाणी हलके ठोके द्यायचे आणि भीती घालवायची, असा दावा आहे. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. शिक्षकांना त्याचं आकर्षण वाटतं यात नवल नाही. म्हणूनच हा दावा नीट तपासायला हवा.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. रॉजर कॅलाहन या मानसशास्त्रज्ञाकडे १९८०च्या सुमारास पाण्याची भयंकर भीती असलेली एक बाई उपचार घेत होती. भीती पोटात जाणवते असं ती म्हणाली. चिनी वैद्यकात जठराची ऊर्जावाहिनी डोळ्याखालून जाते असं मानतात, म्हणून कॅलाहन यांनी तिला डोळ्याखाली बोटांनी ठोकायला सांगितलं. भीती गेली, असं ती म्हणाली. त्यावरून त्यांनी एक गुंतागुंतीची पद्धत रचली. त्यांच्याकडे शिकलेले अभियंते गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात ती सोपी केली, आणि आज ‘ईएफटी’ (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) या नावाने चालते ती हीच. आधी भीतीला शून्य ते दहा यांपैकी आकडा द्यायचा. मग तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर ठोके देत, ‘मला अमुक भीती वाटते, तरी मी जशी आहे तशी स्वतःला स्वीकारते’ अशा अर्थाचं वाक्य म्हणायचं. त्यानंतर भुवईचा आतला कोपरा, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटीवर, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेखाली आणि डोक्यावर असे क्रमाने ठोके द्यायचे, भीतीचं नाव घेत राहायचं. शेवटी पुन्हा आकडा.

आकडे खरंच खाली येतात का? बऱ्याच अभ्यासांत येतात. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ८३ जणांचे तीन गट केले होते. एका गटाने तासभर टॅपिंग केलं, दुसऱ्याशी कुणीतरी आपुलकीने बोललं, तिसरा नुसता थांबला. टॅपिंगच्या गटात लाळेतलं कॉर्टिसॉल सरासरी २४ टक्के उतरलं, बाकीच्या गटांत त्याहून कमी. तुर्कस्तानात परीक्षेची भीती जास्त असलेल्या हायस्कूलच्या मुलांवर प्रयोग झाला, त्याचा अहवाल २००९ मध्ये आला. तिथे काही मुलांनी टॅपिंग केलं, काहींनी एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याचा जुना व्यायाम केला. भीती दोन्ही गटांत कमी झाली, टॅपिंगच्या गटात थोडी जास्त. २०१६ मध्ये १४ प्रयोगांतल्या ६५८ जणांची आकडेवारी एकत्र केली गेली, तीही टॅपिंगच्या बाजूने बोलते.

पण हे प्रयोग लहान आहेत. त्यांतले बरेचसे ही पद्धत शिकवणाऱ्यांनीच केलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी तुलना ‘काहीच न करणाऱ्या’ गटाशी आहे. काहीच न करण्यापेक्षा काहीतरी करणं बरं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. खरा प्रश्न वेगळा आहे: ठोके त्या विशिष्ट जागांवरच द्यावे लागतात का?

कॅनडातल्या वेट आणि होल्डर यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये आला आणि माझ्या मते या विषयात सगळ्यांत मोलाचा तोच आहे. ११९ विद्यार्थ्यांचे चार गट. पहिल्याने पुस्तकातल्या जागांवर टॅपिंग केलं. दुसऱ्याने हातावरच्या, कुठल्याही ऊर्जावाहिनीशी संबंध नसलेल्या जागांवर. तिसऱ्या गटाने स्वतःला हातच लावला नाही, एका बाहुलीवर ठोके दिले. चौथ्याने टॅपिंग केलंच नाही. भीती पहिल्या तिन्ही गटांत कमी झाली, आणि तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बाहुलीवर ठोकूनही भीती उतरत असेल, तर श्रेय जागांना देता येत नाही. ऊर्जावाहिन्या शरीरशास्त्रात आजवर सापडलेल्याही नाहीत.

मग उतरवतं कोण? टॅपिंगच्या त्या पाच मिनिटांत मूल आणखी काय काय करतं ते पाहिलं की उत्तर सापडतं.

पहिलं म्हणजे ते भीतीचं नाव घेतं. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावरच्या रागाला किंवा भीतीला शब्दांत पकडलं की अमिग्डालाची हालचाल मंदावते आणि कपाळामागचा, विचार करणारा भाग जागा होतो. दुसरं, मूल भीतीपासून पळत नाही. शांत बसून, सुरक्षित जागी, ती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणतं. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्येच सांगितलेली, आणि पुढे भीतीवरच्या उपचारांचा पाया ठरलेली रीत हीच: धास्तीची गोष्ट थोडी थोडी समोर आणायची आणि त्याच वेळी शरीर सैल ठेवायचं. तिसरं म्हणजे ताल. ठोके मोजत, क्रम लक्षात ठेवत बसलं की काळजीची वाक्यं रचायला कार्यस्मृतीत जागा कमी उरते. आणि या सगळ्यात श्वास आपोआप संथ होतो. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके कमी होतात.

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पूर्वतयारी परीक्षेच्या आधी मी दहावीच्या वर्गाशी बोलायला गेलो होतो, तेव्हा हे सगळं समोर पाहायला मिळालं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सारखी तळवे स्कर्टला पुसत होती. काय होतंय विचारलं, तर आधी काहीच नाही म्हणाली. मग हळूच, ‘सर, पोटात कालवायलंय. पहिला प्रश्न वाचलो की सगळं पुसल्यागत हुतंय.’ कुठल्या पेपरला? ‘कन्नडच्या.’ दहापैकी किती? ‘आठ.’ चेहऱ्याला हात लावायची तिला सगळ्यांसमोर लाज वाटत होती, म्हणून तिला बाकाखाली एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ठोके द्यायला सांगितलं. तिचंच वाक्य तिला म्हणायला लावलं, तिच्याच बोलीत: ‘कन्नडच्या पेपराला मला भ्या वाटतंय, तरी मी लिवणार.’ दर वाक्यानंतर लांब उच्छ्वास. चारपाच फेऱ्यांनंतर ती म्हणाली, ‘आता पाच हाय.’ तळवे पुसणं थांबलं होतं. एका मुलीवरून शास्त्र ठरत नाही, आणि आठाचे पाच झाले म्हणजे पेपर सोपा झाला असंही नाही. पण पाचावर बसलेलं मूल प्रश्न वाचू शकतं. आठावरचं वाचू शकत नाही.

वाक्य तिच्याच बोलीत असण्याला महत्त्व आहे. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेवरचा घाम मोजला. लहानपणी खाल्लेली बोलणी तुर्कीत ऐकवली की शरीर जास्त दचकायचं, इंग्रजीत तेवढं नाही. भीती ज्या भाषेत शिरली त्याच भाषेत तिला बोलावलं तर ती समोर येते. छापील, पुस्तकी वाक्य पाठ करून घेतलं तर मूल ते कवितेसारखं म्हणून टाकतं आणि भीती जागच्या जागी राहते. वर्गात कुणी घरी कन्नड किंवा उर्दू बोलत असेल तर त्याने आपलं वाक्य त्या भाषेत म्हणावं.

शिक्षकांसाठी काही गोष्टी आग्रहाने सांगतो. मुलाने स्वतःच स्वतःला ठोके द्यावेत, शिक्षकाने मुलाला हात लावू नये. डोळे मिटायची सक्ती नको. ज्याला नको त्याने करू नये, त्याला वर्गासमोर कारण विचारू नये. जागांचा तक्ता भिंतीवर लावायची गरज नाही, उलट तो घातक ठरू शकतो. ‘नाकाखालची जागा चुकली म्हणून पेपर गेला’ असं एखाद्या मुलाच्या मनात बसलं, तर आपण त्याला एक भीती काढून दुसरी दिली. चिंतेवर उपचार करणाऱ्यांना हा धोका चांगला माहीत आहे. टेकू म्हणून दिलेल्या सवयीवाचून पाऊलच उचलायचं नाही असं मूल ठरवून बसतं, आणि भीती मुळातून जायची ती उलट टिकून राहते. म्हणून मुलांना खरं सांगावं. या जागांत जादू नाही, हा मन स्थिर करण्याचा एक व्यायाम आहे, आणि हॉलमध्ये हात न हलवता नुसत्या लांब उच्छ्वासानेही काम भागतं.

टॅपिंगपेक्षा जास्त भरवशाचे दोन उपाय शाळेच्या हातात आहेत. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की पेपरच्या अगोदर दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर उतरवलेल्या भित्र्या मुलांचे गुण वाढले. तो कागद कुणी वाचायचा नसतो, फाडून टाकला तरी चालतो. दुसरा उपाय कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यांत जालीम आहे: पुस्तक मिटून आठवून लिहिणं. २०१६ मध्ये १२० विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, काहींनी ती न बघता आठवून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्यांना मुद्दाम ताणाखाली आणलं. ताणाखाली, नुसतं पुन्हा पाहणाऱ्यांची स्मृती ढासळली, आठवणाऱ्यांची टिकली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळत बसण्यापेक्षा, वर्षभर आठवड्यातून दोनदा कोऱ्या कागदावर अर्धा पाठ लिहून काढणं ताणाच्या वेळी कामाला येतं.

आणखी एक गोष्ट वर्गात मोठ्याने सांगायला हवी, कारण खेड्यातल्या कित्येक पालकांपर्यंत ती नीट पोचलेली नाही. कर्नाटकात २०२४ पासून एसएसएलसीच्या वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. ‘हा एकच डाव, चुकलं की संपलं’ हे आता खरं नाही. काळजीचं निम्मं वजन ज्या वाक्यावर उभं असतं, ते वाक्यच खोटं ठरतं.

काही मुलांची भीती यापलीकडची असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, शाळेच्या दिवशीच पोट दुखतं आणि सुट्टीला थांबतं, मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतं. इथे टॅपिंगवर एक दिवसही घालवू नये. मानसोपचार तालुक्यापर्यंत नेता येतात, हे बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवलं, आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. त्यामुळे सरकारी दवाखान्यात याबद्दल विचारायला संकोच नको. ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी, मोफत फोनसेवा (क्रमांक १४४१६) रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. फोन पालक करू शकतात, शिक्षक करू शकतात, मूल स्वतःही करू शकतं.

आणि हे सगळं मार्चमध्ये सुरू करून उपयोग नाही. घाबरलेला मेंदू नवं शिकत नाही, आधी सवयीचं झालेलं तेवढं करतो. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या घटक चाचणीच्या आधीची पाच मिनिटं यासाठी ठेवावीत. तेव्हा डावावर फारसं काही नसतं, मुलं हसतात, एकमेकांना कोपरखळ्या मारतात, वाक्यं बदलून बघतात. असं पाचसहा चाचण्यांना झालं, की पूर्वतयारी परीक्षेपर्यंत कुणाला ठोके लागतात, कुणाचं नुसत्या श्वासावर भागतं आणि कुणाला वहीच्या मागच्या पानावर लिहिलं की बरं वाटतं, हे ज्याचं त्याला कळलेलं असतं.