आंत्रसंप्रेरके व तीव्र स्थूलत्व

आंत्रसंप्रेरके व तीव्र स्थूलत्व : जठर व आतडी यांच्या अस्तरातील विशिष्ट पेशींतून रक्तात उतरणाऱ्या आणि भूक, तृप्ती, पचन व रक्तातील साखर यांचे नियमन करणाऱ्या द्रव्यांना आंत्रसंप्रेरके म्हणतात. ती स्रवणाऱ्या पेशी म्हणजे आंत्र-अंतःस्रावी पेशी. तीव्र स्थूलत्वात त्यांचे स्रवण आणि शेजारच्या शोषक पेशींचे काम या दोन्हींत फरक पडलेला आढळतो. जागतिक वर्गीकरणात शरीर-वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) ४० किंवा अधिक असल्यास, अथवा ३५ च्या पुढे असून मधुमेहासारखा विकार जडला असल्यास स्थूलत्व तीव्र समजतात. भारतीयांना चयापचयाचे विकार कमी निर्देशांकालाच गाठतात, म्हणून आपल्याकडे स्थूलत्वाची मर्यादा ३० ऐवजी २५ धरण्याची शिफारस आहे.

पेशींचे मूळ : या पेशी आतड्याच्या अस्तरात शेकडा एकच्या आसपास असतात आणि सलग ग्रंथी न बनवता एकेकट्या पसरलेल्या असतात. त्यामुळे त्यांची ओळख उशिरा पटली. जर्मन शरीरक्रियाविज्ञ रूडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७० च्या सुमारास जठराच्या अस्तरात क्रोमियम क्षारांनी रंगणाऱ्या पेशी नोंदवल्या. निकोलाय कुलचित्स्की यांनी १८९७ मध्ये आतड्यातील तशाच पेशींचे वर्णन केले. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन हे आतड्यातील संप्रेरक शोधले; आतड्याकडे जाणाऱ्या तंत्रिका तोडल्या तरी आम्लाच्या स्पर्शाने स्वादुपिंडाचा रस पाझरतो, हे त्यांनी दाखवले. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. मात्र हे द्रव्य नेमक्या कोणत्या पेशीतून येते याचा उलगडा त्यानंतरही बराच काळ झाला नव्हता. ऑस्ट्रियन विकृतिवैज्ञानिक फ्रीड्रिख फायर्टर यांनी १९३८ मध्ये या विखुरलेल्या फिकट पेशी मिळून एक अंतःस्रावी संस्था बनते, अशी कल्पना मांडली. तिची दखल बऱ्याच उशिरा घेतली गेली.

पुढचा वाद या पेशींच्या जन्माचा आहे. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटिश ऊतक-रसायनशास्त्रज्ञ पियर्स यांनी या पेशी आणि तंत्रिका पेशी यांच्यातील रासायनिक साम्यावर बोट ठेवले. दोन्ही प्रकार अमाइनांची (नायट्रोजनयुक्त संयुगांची) पूर्वद्रव्ये आत घेऊन त्यांचे रूपांतर करतात. यावरून पियर्स यांनी असे अनुमान काढले की, या पेशी भ्रूणातील तंत्रिका-शिखेतून (तंत्रिका पेशींना जन्म देणाऱ्या पाठीकडील पट्ट्यातून) निघून आतड्यात येऊन वसल्या असाव्यात. मांडणी आकर्षक होती आणि पाठ्यपुस्तकांत ती दीर्घकाळ टिकली. परंतु फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या भ्रूणातील तंत्रिका-शिखा कोंबडीच्या भ्रूणात रोपून पाहिली, तेव्हा आतड्यातील तंत्रिका पेशी लाव्याच्या निघाल्या, अंतःस्रावी पेशी मात्र कोंबडीच्याच राहिल्या; म्हणजे त्या तंत्रिका-शिखेतून आलेल्या नव्हत्या. १९७४ मध्ये चेंग व लब्लाँ यांनी उंदरांवर किरणोत्सर्गी खुणेने दाखवले की, अस्तरातील सर्व प्रमुख पेशी रसांकुरांच्या (अस्तरावरील बोटांसारख्या उंचवट्यांच्या) तळाशी असलेल्या खाचांतील एकाच मूळपेशीपासून होतात. त्या मूळपेशीची निश्चित खूण २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत सापडली. पियर्स यांनी स्वतःही आपले मत नंतर सौम्य केले. त्यामुळे आज एकमूळ मतच ग्राह्य मानावे लागते. तंत्रिकांशी असलेले साम्य मात्र खोटे ठरलेले नाही. यांपैकी काही पेशींच्या बुडाशी लांब शेपटासारखे तंतू असून व्हेगस (प्राणेशा) तंत्रिकेशी त्यांचा थेट संपर्क असतो, असे अलीकडे दिसून आले आहे.

हा वाद स्थूलत्वाच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. अस्तरातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. अंतःस्रावी पेशी काहीशा अधिक टिकतात, पण त्याही कायमच्या नसतात. मूळपेशीचे कोणते अपत्य शोषक पेशी व्हायचे आणि कोणते अंतःस्रावी, हे न्यूरोजेनिन-३ सारख्या जनुकांवर अवलंबून असते. ते जनुक जन्मतः निकामी असलेल्या बालकांत या पेशी जवळजवळ नसतात आणि त्यांना तीव्र अतिसार होतो. तेव्हा आहार किंवा आजारपण यांमुळे ही निवड बदलू शकते काय, असा प्रश्न विचारणे शक्य झाले.

प्रमुख संप्रेरके : कोलेसिस्टोकायनिन (पित्ताशय आकुंचित करणारे) व जीआयपी (जेवणानंतर इन्शुलीन वाढवणारे) ही संप्रेरके मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, तर जीएलपी-१ व पीवायवाय (भूक शमवणारे) प्रामुख्याने शेषांत्र (लहान आतड्याचा शेवटचा भाग) व मोठे आतडे यांतील एल-पेशींतून स्रवतात. जीएलपी-१ इन्शुलीन वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते व तृप्तीची जाणीव देते; रक्तात त्याचे अर्धायुष्य (ते निम्मे उरण्याचा काळ) जेमतेम एक-दोन मिनिटांचे असते. घ्रेलिन हे १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी शोधलेले संप्रेरक जठराच्या वरच्या भागातून येते. यांच्यात भूक वाढवणारे ठळक संप्रेरक तेवढे हेच. प्रत्येक पेशी एकच संप्रेरक स्रवते, ही जुनी विभागणी आता सैल झाली आहे. एकच पेशी अनेक संप्रेरके बनवू शकते आणि रसांकुरावर वर सरकताना आपला स्रावही बदलते.

तीव्र स्थूलत्वातील बदल : घ्रेलिन वाढल्यामुळे माणूस स्थूल होतो, ही अपेक्षा चुकीची ठरली. स्थूल व्यक्तींत उपाशीपोटीचे घ्रेलिन उलट कमी आढळते. दोष असा की, जेवणानंतर ते जितके उतरायला हवे तितके उतरत नाही. (प्रेडर-विली हा दुर्मीळ जनुकीय विकार याला अपवाद असून त्यात घ्रेलिन वाढलेले असते.) पीवायवायची जेवणानंतरची वाढ अनेक पाहण्यांत तोकडी दिसते. जीएलपी-१ बाबत निष्कर्ष एकमुखी नाहीत. जीआयपी बहुधा वाढलेले असते.

पेशींच्या संख्येविषयी मतभेद अधिक आहेत. काही संशोधकांना स्थूल व्यक्तींच्या आतड्यात अंतःस्रावी पेशी घटलेल्या दिसल्या, तर काहींना स्निग्ध आहार घेणाऱ्यांत एल-पेशी दाट झालेल्या आढळल्या. नमुने बहुतेक शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले, आतड्याच्या निरनिराळ्या भागांतले आणि मुख्यतः युरोप-अमेरिकेतील रुग्णांचे आहेत. मधुमेह असलेले व नसलेले रुग्ण वेगळे केले की चित्र बदलते. एकूण पाहता, नुसत्या स्थूलत्वापेक्षा त्यासोबतचा मधुमेह एल-पेशींच्या घडणीला अधिक बाधक ठरतो, हे मत जास्त सयुक्तिक वाटते. शोषक पेशींतील बदल त्या मानाने सुसंगत आहेत. इन्शुलीनला दाद न देणाऱ्या तीव्र स्थूल व्यक्तींत ग्लुकोज वाहून नेणारे ग्लट-२ हे प्रथिन या पेशींच्या आतड्याच्या पोकळीकडील पृष्ठभागावरही साचलेले आढळले आहे. एरवी उपाशीपोटी ते रक्ताकडील बाजूस असते.

वजन घटवल्यानंतरही हे तंत्र लगेच पूर्ववत होत नाही. कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या व्यक्तींत वर्षानंतरही घ्रेलिन चढलेले व पीवायवाय उतरलेले होते, असे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाले. उपास सोडल्यावर सुटणारी वखवख ही निव्वळ मनाची दुर्बलता नव्हे, एवढे यावरून म्हणता येते. चरकसंहितेतही अतिस्थूल व्यक्तीचा कोष्ठातील (पोटातील) वायू मेदाने मार्ग अडल्यामुळे अग्नी प्रदीप्त करतो व आहार लवकर जिरवतो, असे म्हटले आहे. निरीक्षण लक्षणीय आहे. त्यात आजची संप्रेरके शोधणे मात्र योग्य नाही.

शस्त्रक्रिया व औषधे : जठराची उभी नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत घ्रेलिन स्रवणारा भागच काढला जातो. जठर-बायपासमध्ये अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे पोचते आणि जेवणानंतरचे जीएलपी-१ व पीवायवाय कित्येक पटींनी वाढते. बायपास झालेल्यांना हे स्राव रोखणारे ऑक्ट्रिओटाइड हे औषध दिल्यास ते अधिक खातात. परंतु जीएलपी-१ चा ग्राहक (संप्रेरक ओळखणारे पेशीवरील प्रथिन) नसलेल्या उंदरांचेही वजन अशा शस्त्रक्रियेने उतरते. म्हणून एकाच संप्रेरकाला श्रेय देणारी मते मागे पडत आहेत. उंदरांत बायपासनंतर अन्न वाहणाऱ्या भागाचे अस्तर जाड होते व रक्तातील साखर स्वतःच अधिक वापरते, हेही दिसले आहे.

जीएलपी-१ सारखे काम करणाऱ्या औषधांचा आरंभ गिला या अमेरिकी सरड्याच्या लाळेतील एक्झेंडिन-४ या द्रव्यातून झाला (१९९२). त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये स्थूलत्वासाठी परवानगी मिळाली. टिरझेपटाइड हे औषध जीआयपी व जीएलपी-१ या दोन्हींचे ग्राहक चेतवते. भारतात ते २०२५ मध्ये आले. गंमत अशी की, जीआयपी रोखणारी द्रव्येही वजन घटवतात. या विसंगतीचे सर्वमान्य स्पष्टीकरण झालेले नाही.

सातारा–सांगली भाग : या भागातील नेहमीच्या आहारात शाळू-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ व आमटी येते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत ज्वारी-बाजरीवर भर असे. अशा तंतुमय अन्नापासून मोठ्या आतड्यातील जीवाणू लघुशृंखल (लहान रेणूंची) मेदाम्ले बनवतात व ती एल-पेशींना चेतवतात. हा परिणाम माफक असून त्यावरून भाकरीला औषध ठरवणे घाईचे होईल. बायपास झालेल्या रुग्णाने साताऱ्याचा कंदी पेढा किंवा गुळाचा खडा नेहमीच्या सवयीने खाल्ला, तर साखर झपाट्याने आतड्यात उतरून धडधड, घाम व पुढे एक ते तीन तासांत रक्तशर्करा उतरणे असा त्रास होऊ शकतो. माळकरी कुटुंबांतील शाकाहारी रुग्णांत ब-१२ जीवनसत्त्व आधीच कमी असण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते, म्हणून त्याची मात्रा आयुष्यभर घ्यावी लागते. मिरज, कऱ्हाड यांसारख्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये असली, तरी शस्त्रक्रियेनंतरचा नित्याचा पाठपुरावा बहुधा गावच्या डॉक्टरांकडे येतो. त्यांना ब-१२, लोह व कॅल्शियम यांच्या नियमित तपासण्यांची कल्पना असणे आवश्यक असते.