नागपूरची फ्लॅट स्कीम : मध्यवस्तीतील नव्या इमारतींची वास्तुशैली

धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, शंकरनगर, बजाजनगर, सिव्हिल लाइन्स या नागपूरच्या मध्यवस्तीत जुने बंगले पाडून त्या जागी उभ्या राहणाऱ्या बहुमजली निवासी इमारतीला नागपुरात ‘फ्लॅट स्कीम’ किंवा नुसते ‘स्कीम’ म्हणतात. नवी स्कीम दुरूनही ओळखू येते. खाली पार्किंगचे एक किंवा दोन मजले, वर सात ते पंधरा-वीस मजले, रस्त्याच्या बाजूला काचेच्या कठड्याच्या बाल्कन्या, पांढऱ्या-राखाडी रंगात एखादी उभी गडद पट्टी, तिच्यावर लाकडाचा भास देणारे एचपीएल (दाबलेल्या कागद-रेझिनचे पत्रे) आणि गच्चीवर काहीही न झाकणारी काँक्रीटची चौकट. हे रूप वास्तुविशारदाच्या आवडीपेक्षा भूखंडाचा आकार, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि विमानतळ यांच्या हिशेबाने ठरते. मे महिन्याच्या उन्हाचा हिशेब त्यात बहुधा सर्वांत शेवटी होतो.

पूर्वपीठिका. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांना चारी बाजूंनी रुंद व्हरांडे, उंच छत, कौले आणि उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या असत. महाल, इतवारीतील वाडे चौकाभोवती बांधलेले आणि जाड भिंतींचे होते. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) स्थापन झाला आणि शहर ले-आउटांनी वाढले. एका कुटुंबासाठी पाडलेल्या या भूखंडांवर पुढे तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या स्कीम आल्या. आजच्या इमारती त्याच भूखंडांवरची तिसरी पिढी आहेत. नागपुरातील बऱ्याच स्कीम सहकारी सोसायटी म्हणून नोंदल्या जात नाहीत. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ (घोषणापत्र) करून त्या विकल्या जातात. सदनिकेबरोबर जमिनीतील अविभक्त हिस्सा टक्क्यांत मिळतो, म्हणून दर्शनी भागात पुढे काही बदलायचे झाले तर सर्वांची संमती लागते. जमीन नझूलची (सरकारी) की नासुप्रच्या लीजची, हेही आधी पाहावे लागते. अनधिकृत ले-आउटमधील भूखंड असेल तर नासुप्रचे आर. एल. लेटर (भूखंड नियमित केल्याचे पत्र) आहे का, हा नागपुरात पहिला प्रश्न असतो.

भूखंड आणि उंची. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार उंच इमारतीची बाजूची व मागची मोकळी जागा उंचीच्या पाचव्या भागाएवढी असावी लागते (कमाल १२ मीटर), आणि अग्निशमन गाडी फिरण्यासाठी ६ मीटरचा मार्ग मोकळा लागतो. धरमपेठेतील १८ मीटर रुंदीचा भूखंड घेतला आणि दोन्ही बाजूंना ६-६ मीटर सोडले, तर इमारतीला ६ मीटरच उरतात. त्यात जिना, लिफ्ट आणि एक खोली बसली की संपले. म्हणून बिल्डर शेजारचे दोन-तीन भूखंड एकत्र करतो. ते जमले नाही तर इमारत बुटकी राहते. एकत्र केलेला भूखंड ३० मीटर रुंद आणि इमारत ४० मीटर उंच असेल, तर दोन्ही बाजूंना ८-८ मीटर जाऊन १४ मीटर उरतात. मध्ये लॉबी आणि दोन्ही हातांना एकेक फ्लॅट, ही नागपुरी स्कीमची नेहमीची मांडणी या चौदा मीटरांतून येते. मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात रस्त्याची रुंदी व भूखंडाच्या आकारानुसार चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) ४ पर्यंत जाऊ शकतो. तो वापरता येईल एवढा मोठा भूखंड मध्यवस्तीत मात्र क्वचितच मिळतो.

वरची मर्यादा विमानतळ घालतो. सोनेगावचा विमानतळ शहराला लागून असल्याने वर्धा रोड, मनीषनगर, जयताळा या बाजूंना उंचीचा ना-हरकत दाखला निर्णायक ठरतो. दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, जमिनीपासून नव्हे. शहराची जमीन साधारण ३१० मीटरवर आहे, पण भूखंडाभूखंडाला फरक पडतो, त्यामुळे जागेची पातळी मोजल्याशिवाय मजले ठरवता येत नाहीत. लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी आणि वीजरोधक दांडाही या उंचीत धरतात. नकाशात हे विसरले की शेवटचा मजला कापावा लागतो.

जमीन आणि पाया. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट (सीताबर्डीची टेकडी त्याचीच), पूर्वेला नाइस. बेसॉल्टवर काळी माती साचलेली असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे फुटिंग (खांबाचा पाया) काळ्या मातीत न थांबवता मुरमाच्या खाली कठीण थरापर्यंत नेतात. एवढे बहुतेक सगळे करतात. चूक होते ती पार्किंगच्या फरशीखाली. खांब खडकावर उभे असतात, पण पेव्हर ब्लॉक, कुंपणाची भिंत आणि वॉचमनची खोली काळ्या मातीवर. दोन पावसाळ्यांत इमारत जागच्या जागी राहते आणि तिच्या भोवतालचे सगळे उचकटते. तिथली काळी माती काढून मुरमाचा थर २०-२० सेंटीमीटरने दाबत भरणे, हा उपाय स्वस्त आहे, पण तो बांधकामाच्या सुरुवातीलाच करावा लागतो.

सांगाडा. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर क्षेत्र २ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. लवचीक सळईकामाचे मानक (आयएस १३९२०) या क्षेत्रात ऐच्छिक आहे. ३०० मिमीचा किमान खांब ते मानक सांगते, पण नागपुरात भिंतीत लपणारा २३० मिमीचा खांब अजून दिसतो. खालचा मजला पार्किंगसाठी भिंतींविना मोकळा आणि वरचे मजले भिंतींनी ताठ, हा स्टिल्टचा दोष २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत उघडा पडला. लिफ्टभोवतीची शिअर वॉल (आडवा धक्का पेलणारी काँक्रीटची भिंत) पायापासून सलग घेतली की तो बराच कमी होतो.

स्टिल्टमध्ये तुळईखाली किमान २.४ मीटर उंची लागते. एकावर एक गाडी ठेवणारा स्टॅकर पुढे बसवायचा असेल तर ३.४ ते ३.६ मीटर ठेवलेले बरे. खांबांतले अंतर गाड्या ठरवतात. एका गाडीला २.५ × ५ मीटर लागतात, म्हणून दोन गाड्यांसाठी खांबांमध्ये निव्वळ ५ मीटर हवेत. वरच्या बेडरूमची भिंत त्याच खांबांवर येते. नव्या फ्लॅटमध्ये ११ फूट रुंदीची खोली अचानक साडेदहा फुटांची का झाली, याचे उत्तर अनेकदा पार्किंगच्या नकाशात सापडते.

काँक्रीट ओतण्याचा इथला काळ अवघड आहे. मानकानुसार ओतताना मिश्रणाचे तापमान ४० अंशांच्या आत लागते, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी खडी-रेतीच तेवढी तापलेली असते. स्लॅब संध्याकाळनंतर टाकणे, खडीवर पाणी मारणे, पृष्ठभाग लगेच ओल्या तरटाने झाकणे हे करावेच लागते. नाहीतर कोरड्या वाऱ्याने तासाभरात केसाएवढ्या तडा उमटतात. फ्लायअॅश (वीज केंद्राची राख) मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि या हवेत १४ दिवस पाणी मारावे. पूर्वी कन्हान नदीच्या रेतीवर सगळे शहर बांधले गेले. आता क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) वाढली आहे, तिच्यात भुकटी जास्त आली तर पाणी जास्त लागते आणि तडाही वाढतात.

भिंती. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांची राख जवळच असल्यामुळे नागपुरात फ्लायअॅश वीट लाल विटेइतकीच नेहमीची झाली. मोठ्या स्कीममध्ये एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक वापरतात, बाहेर २०० मिमी, आत १०० मिमी. ब्लॉक हलका आणि उष्णता अडवणारा आहे. २०० मिमी एएसीतून जेवढी उष्णता आत येते, त्याच्या सुमारे तिप्पट २३० मिमी विटेच्या भिंतीतून आणि चौपट-पाचपट १६० मिमी काँक्रीटच्या भिंतीतून येते. ब्लॉकची बदनामी तडांमुळे झाली, आणि ती बहुतांशी बांधणीची चूक असते. ब्लॉक चिंब भिजवून लावणे, ३ मिमी चिकटद्रव्याऐवजी जाड मसाला वापरणे, तुळईखालची फट त्याच दिवशी भरून टाकणे आणि खांब-भिंतीच्या सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर करणे.

अलीकडे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओततात. आठ-दहा दिवसांत मजला होतो, धार सरळ येते. पण भिंत १५०-१६० मिमी काँक्रीटची असते. ती दिवसभर तापते, रात्री खोलीत उष्णता सोडते आणि नंतर कपाटासाठी किंवा मोठ्या खिडकीसाठी फोडताही येत नाही. मुंबईत हे चालून जाते. नागपुरात अशी पश्चिम भिंत घ्यायची तर बाहेरून इन्सुलेशन हवे, आणि ते जाहिरातीत सापडत नाही.

ऊन. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. ४५ अंश तर जवळपास दर नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) येतात. नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीला कडक उन्हाळ्यात ऊन जवळजवळ लागत नाही, आणि ६०० मिमीचा छज्जा तिथल्या खिडकीला पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर येतो, म्हणून त्याच खिडकीतून हिवाळ्याचे ऊन आत येते. म्हणजे दक्षिण ही इथली चांगली दिशा. पश्चिम वाईट, कारण चार वाजता सूर्य खिडकीसमोर असतो आणि छज्जा कितीही काढला तरी तो खालून आत शिरतो. तिथे उभी पाती, जाळी, खोल बाल्कनी किंवा सरळ बंद भिंत लागते.

वास्तुशास्त्र याच्या नेमके उलट जाते. मुख्य बेडरूम नैऋत्येला हवी असा ग्राहकाचा आग्रह असतो, आणि तीच खोली मे महिन्यात रात्री अकराला सगळ्यांत तापलेली असते. दिशा बदलता येत नसेल तर पश्चिम भिंतीला कपाट आणि संडास-बाथरूम लावून खोलीची खिडकी दक्षिणेला काढणे, ही जुनी युक्ती अजूनही चालते. चांगले नकाशे ती वापरतात.

काचेबद्दल थोडक्यात. साधी एकेरी काच सूर्याची सुमारे ८० टक्के उष्णता आत येऊ देते, लो-ई (उष्णता परतवणारा) लेप असलेली दुहेरी काच ३०-४० टक्क्यांपर्यंत आणते. निवासी इमारतींसाठीच्या इको निवास संहितेत (२०१८) बाह्यकवचातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट आहे. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत साधी काच लावली की तो आकडा गाठणे अवघड जाते.

कूलर. नागपूरच्या घराचे हे खरे यंत्र. एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या किंवा हनीकोंब पॅडमधून आलेली हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरते. नव्या इमारतीत एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी कोनाडा असतो, कूलरला मात्र जागाच नसते. मग लोक खिडकीची सरकती झडप काढून, लोखंडी स्टँड ग्रिलला अडकवून कूलर लटकवतात आणि सातव्या मजल्यावर ते धोक्याचे आहे. कूलरसाठी बाहेर ७५० मिमी खोलीचा स्लॅबचा पट्टा, अर्धा इंची नळ, पाणी जाण्याचा पाइप आणि १६ अँपियरचा स्वतंत्र प्लग एवढेच लागते. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी नसेल तर तासाभरात खोली दमट होते, हेही नकाशातच पाहावे. मोठा कूलर उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरच्या आसपास पाणी पितो. घरी पाच माणसे धरली तर चाळीस फ्लॅटला माणशी १३५ लिटरने रोज २७,००० लिटर लागतात. प्रत्येक घरात एक कूलर धरला तर आणखी ४,००० लिटर. टाकीचा हिशेब करताना हे चार हजार बहुधा गळतात आणि मे मध्ये टँकर येतो.

बाल्कनी. यूडीसीपीआरमध्ये बाल्कनीही चटई क्षेत्रात मोजली जाते, म्हणून ‘फुकट’ बाल्कनी काढून नंतर खोलीत मिळवून टाकण्याचे पूर्वीचे आकर्षण उरले नाही. रेराच्या (स्थावर संपदा कायद्याच्या) चटई क्षेत्रात ती येत नाही, तेव्हा करारनाम्यात तिचे क्षेत्र वेगळे लिहिलेले असते. तिची खोली १.५ मीटर असेल तर ती खऱ्या अर्थाने सावली देते. ९०० मिमीची बाल्कनी कपडे वाळवण्यापुरती. काचेचा कठडा लॅमिनेटेड टफन्ड काचेचाच घ्यावा. नुसती टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक तुकडे थेट खाली पार्किंगमध्ये पडतात.

पाणी आणि बेसमेंट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले व बेसमेंट बुडाले. त्याआधीच सिमेंट रस्त्यांनी अनेक ठिकाणी रस्त्याची पातळी जुन्या जोत्यांच्या वर नेली होती. म्हणून आता रॅम्पच्या तोंडाशी रस्त्याहून २००-३०० मिमी उंच कुबड काढतात, त्यापुढे पूर्ण रुंदीची जाळीची गटार घेतात आणि मीटर पॅनेल, जनरेटर वरच्या मजल्यावर नेतात. बेसमेंटच्या पंपाला जनरेटरची जोड नसेल तर हा खर्च वाया जातो, कारण पूर आणि वीज जाणे दोन्ही एकाच रात्री होते.

दर्शनी भाग आणि देखभाल. एसीपी (अॅल्युमिनियमचे थरांचे) पत्रे, एचपीएल आणि लूव्हर (तिरप्या पात्या) हे सुटे आवरण मेच्या अवकाळी वादळांत सैल होते, विशेषतः कोपऱ्यावर, जिथे वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते. तिथे फिक्सिंगचे अंतर निम्मे करावे लागते. सिलिकॉनचे सांधे उन्हात पाच-सात वर्षांत कडक होतात आणि पहिल्या पावसात बेडरूमचा कोपरा ओला होतो. गडद टेक्स्चर पश्चिमेला लवकर फिकटते, ते खर्चिक असूनही एलिव्हेशनच्या चित्रात छान दिसते म्हणून लावतात. गच्चीवर वीटतुकड्यांचा कोबा १:१०० उताराने आणि वर पांढरी चायना मोझॅक, हा जुना उपाय वरच्या मजल्याला अजूनही सर्वांत उपयोगी आहे. सोलर पॅनेल टाकताना त्यांचे बोल्ट कोब्यात न ठोकता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवावेत, नाहीतर वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसाळ्यात जाते. रंगकाम आणि काच साफ करणाऱ्यांच्या दोरासाठी कठड्याच्या आत स्टीलचे हूक स्लॅब ओततानाच ठेवायचे असतात. ते राहिले की दोर टाकीच्या खांबाला बांधले जातात.