मळ निघावा, पोलाद राहावं

अणुभट्टीच्या दुरुस्तीसाठी माणसं आत पाठवायची, तर आधी पाइपांच्या आतला काळा थर काढावा लागतो. हा थर मुख्यतः मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा. अडीचशे-तीनशे अंशांच्या पाण्यात तो पोलादावर आपोआप धरतो आणि पोलादाला जपतोही. अडचण आहे कोबाल्ट-60ची. व्हॉल्व्हमधल्या कठीण मिश्रधातूंतून झिजलेला साधा कोबाल्ट पाण्याबरोबर गाभ्यात जातो, तिथे न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होतो आणि पुढे याच थरात अडकून बसतो. त्याचं अर्धायुष्य 5.27 वर्षं, त्यामुळे तो निवण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो.

कॅनडात 1970च्या दशकात रुळलेली पद्धत आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही वापरली गेली आहे. सायट्रिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, धातूचे आयन धरून ठेवणारं ईडीटीए अशी रसायनं लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर सोडायची आणि 85-90 अंशांचं पाणी फिरवत ठेवायचं. थर विरघळतो, सुटलेला कोबाल्ट आयन पकडणाऱ्या रेझिनच्या मण्यांत अडकतो.

पण खोबरं किसताना पांढरं संपलं की विळी करवंटीला लागते, तसंच इथेही होतं. थर सगळीकडे सारखा जाड नसतो. एका वळणावर तो संपलेला असतो, पुढच्या वळणावर शिल्लक असतो, आणि आम्ल दोन्हीकडून सारखंच वाहतं. त्यात विरघळलेले लोखंडाचे फेरिक आयन स्वतःच उघड्या पोलादाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि गंज वाढवतात. पाण्यातलं लोखंड मोजून हे कळत नाही, कारण ते थरातून आलं की पाइपातून, हे तो आकडा सांगत नाही.

जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे त्याच पोलादाची पट्टी प्रवाहात टांगणं. दहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग एक मायक्रॉनने झिजला, तर वजन सुमारे 8 मिलिग्रॅमने घटतं. चांगल्या तराजूवर ते सहज दिसतं, पण काम उरकल्यावर.

चालू कामात कळायला हवं असेल, तर विद्युतरासायनिक प्रोब, म्हणजे द्रावणात बुडवून गंजाचा वेग मोजणारं उपकरण लागतं. स्टर्न आणि गिअरी यांनी 1957 साली मांडलेल्या सूत्रावर ते चालतं. पोलादी इलेक्ट्रोडचा विद्युतदाब 10-20 मिलिव्होल्टने हलवायचा आणि किती वीजप्रवाह वाहतो ते पाहायचं. त्यावरून निघालेला गंजप्रवाह चौरस सेंटिमीटरला 100 मायक्रोअँपिअर असेल, तर दिवसाला तीन मायक्रॉनहून थोडं जास्त पोलाद जातंय. मग लगेच तापमान उतरवता येतं, गंजरोधक वाढवता येतो. द्रावणातल्या इतर क्रियाही थोडा प्रवाह वाहून नेतात, म्हणून हा आकडा पट्टीशी ताडून घ्यावाच लागतो.

माझ्या मते सर्वांत फसवी जागा मात्र वेगळीच आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने 304 प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये कणांच्या सीमांवर क्रोमिअम कार्बाइड जमतं, आणि सीमेलगतचा धातू क्रोमिअमला पारखा होतो. ऑक्झॅलिक आम्ल नेमकं त्या सीमांमधून आत शिरतं. प्रोब सरासरी सांगतो, ती छान दिसते आणि वजनही फारसं घटत नाही. म्हणून टांगलेल्या पट्ट्यांपैकी काही वेल्ड केलेल्या हव्यात, आणि नंतर त्या आडव्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हव्यात.

अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर या अणुसंकुलात किरणोत्सारी कचऱ्याच्या टाक्या ऑक्झॅलिक आम्लानेच धुतल्या गेल्या. त्या कार्बन स्टीलच्या आहेत. तिथे गंजाचा वेग जाणून घ्यायला आणखी एक कारण आहे: पोलाद आम्लात विरघळताना हायड्रोजन सुटतो, आणि बंद टाकीत तो साठू द्यायचा नसेल तर हवा किती खेळती ठेवायची हे त्या वेगावरून ठरतं.