जीडीबीमधलं डिस्प्ले आणि वॉच, नेमका फरक काय

व्हीएस कोडमधून (कोड लिहायचा एडिटर) जीडीबीकडे (प्रोग्रॅम थांबवून थांबवून चुका शोधायचं टूल, म्हणजे डीबगर) आलेल्यांची हमखास गल्लत होते ती इथे, कारण व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूला जो वॉच नावाचा भाग असतो तो फक्त व्हॅल्यू दाखवतो आणि जीडीबीत तेच काम डिस्प्ले करतं. जीडीबीचं वॉच हे प्रकरणच वेगळं.

'डिस्प्ले टोटल' दिलं की प्रोग्रॅम जेव्हा जेव्हा थांबेल, ब्रेकपॉइंटवर (तुम्ही थांबायला सांगितलेल्या ओळीवर) म्हणा किंवा नेक्स्ट मारून एक ओळ पुढे गेल्यावर, तेव्हा टोटलची व्हॅल्यू आपोआप छापून येते. पण कुठे थांबायचं ते तुम्हीच ठरवायचं. 'वॉच टोटल' दिलं की कंटिन्यू करून मोकळं व्हायचं, व्हॅल्यू बदलली रे बदलली की प्रोग्रॅम थांबतो आणि जुनी-नवी दोन्ही व्हॅल्यू समोर येतात.

आता समजा सी मधल्या एका ग्लोबल स्ट्रक्टमध्ये ५ इंटचा मार्क्स अ‍ॅरे आहे आणि लगेच त्याच्या खाली इंट टोटल. मार्क्स शून्य करणाऱ्या लूपमध्ये कोणीतरी i < 5 च्या जागी i <= 5 लिहिलंय, म्हणजे सहाव्या फेरीत शून्य जाऊन पडतं ते थेट टोटलवर. त्या ओळीत टोटल हे नावच नाही, त्यामुळे ग्रेप करून, म्हणजे कोडमध्ये ते नाव शोधून, काही हाती लागत नाही, आणि डिस्प्ले लावून नेक्स्ट नेक्स्ट करत बसलात तर सापडेल, पण कुठून सुरू करायचं ते आधी माहीत हवं ना! इथे वॉचच लावा. फक्त थांबल्यावर दिसणारी ओळ बहुतेकदा गुन्हेगाराच्या पुढची असते, कारण थांबा लिहून झाल्यावर येतो, सो त्याच्या लगेच आधी चाललेली ओळ बघायची. आणि कंपाइल करताना -g -O0 द्या (-g म्हणजे डीबगची माहिती ठेव, -O0 म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद), नाहीतर ऑप्टिमायझर भलतंच काहीतरी दाखवतो.

वॉच फुकट नाही. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरमध्ये यासाठी ४ च डिबग रजिस्टर (मेमरीतल्या एखाद्या जागेवर नजर ठेवणारे प्रोसेसरमधले कप्पे) असतात, ६४ बिटमध्ये एकेक जास्तीत जास्त ८ बाइट बघतं. मोठा अख्खा अ‍ॅरे वॉचला दिलात तर जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून तपासायला लागतं, आणि मग प्रोग्रॅम शेकडो पट हळू चालतो, चहा पिऊन या. लोकल व्हेरिएबल असेल तर फंक्शन संपलं की वॉचपण उडतं, पॉइंटरमागची जागा धरून ठेवायची असेल तर 'वॉच -l' वापरा.

व्हीएस कोडमध्ये सी++ एक्स्टेंशनसोबत जीडीबीच्या वॉचसारखंच थांबणं हवं असेल तर व्हेरिएबल्समध्ये राइट क्लिक करून 'ब्रेक ऑन व्हॅल्यू चेंज'.