छा (चिनी शब्द)

छा : चहाचे झुडूप, त्याची वाळवलेली पाने आणि पेय या तिन्हींसाठी वापरला जाणारा चिनी शब्द. सुरुवातीचा ध्वनी महाप्राण असून जीभ मागे वळवून काढतात. म्हणून मराठी ‘च’पेक्षा ‘छ’ त्याला जवळचा. चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; इथे सूर दुसरा, म्हणजे चढता. सपाट पहिल्या सुरात ‘छा’ म्हणजे काटा (जेवणाचा), तर उतरत्या चौथ्या सुरात ‘कमी पडणे’ किंवा ‘निकृष्ट’.

हा शब्द लिहिण्याच्या चिन्हात (茶) ९ रेघा आहेत. वर वनस्पतिदर्शक खूण : एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन उभ्या. मध्ये डावीकडे व उजवीकडे उतरणाऱ्या दोन रेघा. खाली क्रमाने आडवी, उभी, डावीकडचा फाटा आणि उजवीकडचा ठिपका. मधला भाग ‘माणूस’ आणि खालचा ‘झाड’ या चिन्हांसारखा दिसतो. त्यामुळे ‘गवत आणि झाड यांच्यामधला माणूस’ अशी फोड सांगितली जाते. पाठांतराला ती उत्तम, पण व्युत्पत्ती म्हणून चुकीची.

खरे मूळ ‘थू’ (荼) या १० रेघांच्या चिन्हात आहे. त्याचा अर्थ कडू पालेभाजी. वरची खूण वनस्पतीची, खालचा भाग केवळ उच्चार सुचवणारा. इ. स. १००च्या सुमारास झालेल्या ‘श्वोवन’ या कोशात ‘थू’ आहे, ‘छा’ नाही. चहालाही तेव्हा ‘थू’च लिहीत. थांग घराण्याच्या काळात (६१८–९०७) एक आडवी रेघ गळून चहाचे चिन्ह वेगळे झाले. आठव्या शतकात लू यू याने चहावरील ग्रंथात पेयाची पाच नावे नोंदवली. त्यांत ‘छा’ पहिले. पुढे तेच टिकले.

शिकणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे ती गळलेली रेघ पुन्हा काढणे. उलट, ‘रू ह्वो रू थू’ (ऐन भरात आलेले) या वाक्प्रचारातला ‘थू’ अनेक चिनी लोकही ‘छा’ वाचतात. तिथे त्याचा अर्थ गवताचा पांढरा तुरा. चहाचा काहीच संबंध नाही.

मध्ययुगीन चिनीत या शब्दाचा आद्य ध्वनी ‘ड’सारखा मूर्धन्य होता. बहुतेक बोलींत त्याचा ‘छ’ किंवा ‘च’ झाला. आग्नेय चीनमधल्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या मिन बोलीत मात्र ‘ते’ राहिला आणि डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला. मराठी ‘चहा’ आणि हिंदी ‘चाय’ ही ‘छा’च्याच कुळातली.

भाषांतरात एक जपावे : आपल्याकडची नेहमीची काळी चहापत्ती म्हणजे चिनीत ‘होंगछा’, शब्दशः ‘लाल चहा’. ‘हेइछा’, म्हणजे शब्दशः ‘काळा चहा’, हा साठवून आंबवलेला वेगळाच प्रकार आहे.